हयातीचा दाखला

बँकेचा मेसेज तिच्या मोबाईलवर आला.
तो मोबाईल अजून माझ्याच टेबलावर चार्ज होतो.
नोव्हेंबरअखेर हयातीचा दाखला जमा करा.

दरवर्षी आम्ही दोघी जायचो, सदरच्या शाखेत.
कडक इस्त्रीची पांढरी साडी, निळी किनार,
काउंटरवरच्या पोराला म्हणायची,
"पाहून घे बाप्पा, जिती आहो.
नाडी पाहाची तं नाडी पाहाय."
आणि खरंच मनगट पुढे करायची.
पोरगा लाजून शिक्का मारायचा.

छातीशी सेफ्टीपिनेला उलटं टांगलेलं घड्याळ.
वेळ त्यात कधीच बरोबर नसायची.
दुरुस्त का करत नाहीस, विचारलं तर
"नाडीले किती वाजले त्याचं काय करा लागते?
तिले सेकंद पाह्यजे.
सेकंद बरोबर आहे."

कौतिका रामटेके, स्टाफ नर्स, मेडिकल.
छत्तीस वर्षं, त्यातली अर्धी रात्रपाळी.
मे महिन्यात पंखे गरम हवाच फिरवायचे,
आणि स्ट्रेचरवर यायचे रिक्षावाले, हमाल,
गिट्टी फोडणाऱ्या बाया,
हात लावला तर हात मागे घ्यावा, असे.
गोणपाटातली बर्फाची लादी
ती स्वतः मोगरीनं फोडायची,
मानेखाली, काखेत, जांघेत दाबून ठेवायची,
आणि शुद्धीवर आलेल्याच्या खिशातून कांदा काढून
त्यालाच दाखवायची:
"हा काय करते? पाणी पे ना, माया बापा. पाणी पे."

हे सगळं मला इतरांकडून कळलं.
तिनं मला शिकवलं ते एवढंच,
चादरीचा कोपरा कसा दुमडायचा,
थर्मामीटर झटकताना मनगट कुठून फिरतं,
आणि सुई टोचायच्या आधी
पेशंटला त्याचं गाव विचारायचं.
"गाव सांगता सांगता मानूस तिथं जाऊन येते.
तेवढ्यात टोचून घ्याचं."

लाड तिला जमले नाहीत.
ताप आला की हाताची पालथी बाजू कपाळावर,
आणि आकडा. शंभर पॉइंट चार.
आकडा कधी चुकला नाही.
बाबा सातव्या वर्षी भात शिजवायला शिकले,
अंगठ्यावर तो डाग अजून आहे.
मूठमाती देऊन आलो त्या रात्री ते म्हणाले,
"पाहुणी होती आपल्या घरी."
मग उठून तिची चादर घातली,
चारी कोपरे दुमडून.

शेवटच्या आठवड्यात तिची शीर सापडेना.
गडचिरोलीहून आलेली पोर, सिस्टर किरंगे,
तीनदा टोचलं, तीनदा चुकलं,
डोळे भरून आले तिचे.
आजीनं ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला.
"अगोदर गाव विचार मले."

"आजी, गाव कोणतं तुमचं?"

मला वाटलं, इंदोरा म्हणेल.
आम्ही सगळे इंदोऱ्याचेच.
ती म्हणाली, निमखेडा.
वैनगंगेच्या पल्याड.
चिंचेखाली वीर होती.
आम्ही खाली ओंजळ धरून बसाचो,
कोनी आलं तं वरून वाढे.
नाही आलं तं संध्याकाळ होये.

शीर सापडली.
आजी तिकडून परत यायला थोडा वेळ लागला.

आज एकटीच शाखेत गेले.
तोच पोरगा, आता चष्मा लागलाय.
त्यानं माझ्या मागे पाहिलं, दाराकडे,
मग पुन्हा माझ्याकडे,
आणि शिक्का खाली ठेवला.
वेगळा फॉर्म लागेल म्हणाला, झेरॉक्स लागेल.
पर्समध्ये घड्याळ होतं, सकाळीच चावी दिलेलं.
बाहेर अकरा, त्यात सव्वाचार,
सेकंदकाटा नीट चालला होता.

पेन उघडून त्यानं हळूच तारीख विचारली.

मी गावाचं नाव सांगितलं.